शेअर हळूच विकावा, युद्ध ओरडून

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्यांनी ऐकवलं त्यांनी अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचे सीईओ पाहिले नव्हते. तिथे सोनं विकताना तोंडातून अवाक्षर काढायचं नसतं. माती विकायची असली की मात्र सगळ्या वाहिन्या एकदम लावाव्या लागतात.

तुमच्याकडे विकायला दोन गोष्टी आहेत असं धरून चालू. एक, तुमच्याच कंपनीचे शेअर. दुसरं, एखादं युद्ध. दोन्हींचं तंत्र वेगळं आहे आणि गल्लत केलीत तर पंचाईत होईल. शेअर ओरडून विकलेत तर भाव पडेल, आणि युद्ध हळू आवाजात काढलंत तर लोक प्रश्न विचारू लागतील.

आधी शेअर. विकण्यापूर्वी कारण तयार ठेवा. कंपनीची अवस्था आतून दिसते आहे म्हणून विकतोय, हे एक सोडून बाकी सगळी कारणं चालतात. 'गुंतवणुकीत वैविध्य आणायचं होतं' हे सदाबहार. कर भरायचा होता, घर घ्यायचं होतं, वारसांची सोय करायची होती, घटस्फोट झाला. कारण जितकं घरगुती तितकं बरं. दुसऱ्याच्या घटस्फोटावर भर पत्रकार परिषदेत उलटप्रश्न विचारायला सहसा कुणी धजत नाही.

कारण झालं की योजना करा. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे एसईसीने, तुमची मोठी सोय करून ठेवली आहे. टेन-बी-फाइव्ह-वन असं त्या नियमाचं नाव. आतली बातमी हाती नसताना 'अमुक तारखेला, अमुक भावाला, इतके शेअर विकावेत' असं ब्रोकरला लिहून द्यायचं. पुढे आतली बातमी कळली तरी विक्री ठरल्याप्रमाणे होत राहते आणि तुम्ही म्हणू शकता, मी कुठे विकले, योजनेने विकले! योजना आज केली आणि चार दिवसांत विक्री सुरू, असंही वर्षानुवर्षं चालत असे, कारण मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे हे नियमात लिहिलेलंच नव्हतं. अधिकाऱ्यांनी निदान ९० दिवस थांबावं, हे आयोगाला डिसेंबर २०२२ मध्ये सुचलं. बावीस वर्षं काही फार नव्हेत.

खरी गंमत योजना मोडण्यात आहे. चांगली बातमी येणार अशी कुणकुण लागली की योजना रद्द करून टाका. न विकल्याबद्दल इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे आतल्या बातमीवर शेअरची खरेदी-विक्री केल्याचा, खटला होत नाही, कारण ट्रेडिंगच झालेलं नसतं. अॅलन जॅगोलिन्झर नावाच्या अभ्यासकाने या योजनांचे आकडे तपासले तेव्हा असं दिसलं, की योजनेतली विक्री बहुधा भाव चढून गेल्यावर आणि पडायच्या आधी होते. योजनांना ज्योतिष कळतं, एवढाच याचा अर्थ.

मग विकल्याचं कळवण्याची कटकट. त्यासाठी फॉर्म ४ असतो. २००२ पर्यंत तो पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरला तरी चालायचा, म्हणजे एक तारखेला विकलेलं जवळजवळ चाळीस दिवस झाकून राहायचं. सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ही मुदत कामकाजाच्या दोन दिवसांवर आणली. तरी धीर सोडू नका. फॉर्म रात्री दहापर्यंत घेतात, आणि शुक्रवार दर आठवड्याला येतो.

हात विकत असताना तोंडाने काय करावं, हे एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे प्रमुख केनेथ ले यांच्याकडून शिकावं. २६ सप्टेंबर २००१ रोजी त्यांनी कर्मचाऱ्यांशी ऑनलाइन गप्पा मारल्या. शेअर या भावाला फारच स्वस्त आहे, गेल्या दोनेक महिन्यांत मी स्वतः सुमारे ४० लाख डॉलरचे घेतलेत, असं सांगितलं. घेतले हे खोटं नव्हतं. त्याच काळात सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचे विकलेही होते, तेवढं सांगायचं राहिलं. विकले कुणाला? कंपनीलाच. कंपनीकडून उचल घ्यायची आणि शेअर देऊन ती फेडायची, असा साधा घरगुती व्यवहार. स्वतःच्या कंपनीला केलेली विक्री तेव्हा वर्ष संपल्यावर कळवली तरी चालत असे. वर्षभरात असे ७ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर गेले. वर्ष संपायच्या आत, २ डिसेंबरला, कंपनीही दिवाळखोरीत गेली.

पुढे कंट्रीवाइडच्या अँजेलो मोझिलो यांनी ही कला गृहकर्जाच्या धंद्यात नेली. ई-मेलमध्ये आपल्याच एका कर्जाला 'विषारी' म्हणायचं, बाहेर कंपनीचे गोडवे गायचे आणि मधल्या वेळात विकायचं. एसईसीच्या म्हणण्याप्रमाणे नोव्हेंबर २००६ ते ऑगस्ट २००७ या काळात त्यांना जवळपास १४ कोटी डॉलरचा फायदा झाला. त्यांच्याकडेही योजना होत्या, हे सांगायला नकोच.

आता एक तारीख लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी ही दोन्ही दुकानं एकाच रस्त्यावर आली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बंद असलेला न्यूयॉर्कचा शेअर बाजार १७ सप्टेंबर २००१ ला उघडला. महिन्यापूर्वीच एन्रॉनच्या सीईओपदाचा राजीनामा दिलेल्या जेफ्री स्किलिंग यांनी त्याच दिवशी कंपनीचे पाच लाख शेअर विकले. हल्ल्यामुळे धास्तावलो होतो, असं त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं. कारण नामी होतं. पण ब्रोकरकडचे फोन ध्वनिमुद्रित होतात, आणि ६ सप्टेंबरला, सगळी विमानं आपापल्या वेळापत्रकाने उडत असताना, स्किलिंग दोन लाख शेअर विकायला पाहत होते. इनसायडर ट्रेडिंगच्या दहा आरोपांपैकी ज्यूरीने नऊ सोडून दिले आणि हा एक धरला. राष्ट्रीय शोकाचं कारण वापरायचंच असेल तर आठवडाभर आधी फोन करू नये.

त्याच पंधरवड्यात दीडशेहून अधिक कंपन्यांनी वरच्या अधिकाऱ्यांना त्या दिवसांच्या पडलेल्या भावाने स्टॉक ऑप्शन, म्हणजे त्याच भावाला पुढे शेअर घेण्याचा हक्क, देऊन टाकले, हे वॉल स्ट्रीट जर्नलने २००६ मध्ये मोजून दाखवलं. देशभर झेंडे अर्ध्यावर उतरले होते, भावही उतरले होते. उतरलेल्या झेंड्याचा कुणाला उपयोग नसतो.

आता युद्धाकडे वळू. इथे मुहूर्त महत्त्वाचा. व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी सप्टेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला मोकळेपणाने सांगितलं, की मार्केटिंगच्या दृष्टीने ऑगस्टमध्ये नवा माल बाजारात आणत नसतात. माल म्हणजे इराक. लोक सुट्टीवरून परतले, सप्टेंबर लागला आणि माल आला. ८ सप्टेंबरच्या टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती : सद्दाम अणुबाँबसाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहतोय. सांगणारे सरकारी अधिकारी, नावं गुलदस्त्यात. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि म्हणाले, बघा, आज टाइम्समध्येच आलंय. आपणच कानात सांगायचं आणि आपणच 'ऐकलंत का?' म्हणून दचकायचं. बाजारात आपलेच शेअर आपल्याच माणसांत फिरवून भाव चढवला तर त्याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणतात आणि तुरुंगाची वाट दिसते. बातमीत त्यालाच 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणतात आणि पहिलं पान मिळतं.

चर्चा भरपूर होऊ द्या. बोलणारे कोण, तेवढं बघा. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं इराकविरुद्धचं ५ फेब्रुवारी २००३ चं संयुक्त राष्ट्रांतलं भाषण मध्ये धरून दोन आठवड्यांत चार वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्यांमध्ये इराकवर ३९३ जण बोलले. माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या 'फेअर' या संस्थेने मोजलं, तर त्यात युद्धविरोधी चळवळीतले तीन निघाले. तीन तरी कशाला, असं वाटेल. पण एकही नसता तर चर्चा एकतर्फी दिसली असती. त्याच महिन्यात एमएसएनबीसी या वाहिनीने युद्धाला विरोध करणाऱ्या फिल डोनह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. त्या वाहिनीवर सगळ्यात जास्त पाहिला जाणारा कार्यक्रम तोच होता. मात्र युद्धाच्या काळात हा चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल, असं आतल्या एका टिपणात लिहिलेलं होतं. खप हा माध्यमांचा धर्म आहे असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी : धर्मापलीकडेही काही असतं.

बातमीदारांना दूर ठेवण्याची चूक करू नका. सोबत घ्या. इराकच्या स्वारीत सहाशेहून अधिक पत्रकार फौजेच्या तुकड्यांबरोबर गेले. सैनिकांच्या गाडीत झोपायचं, त्यांच्या पाकिटातलं खायचं, त्यांच्या बंदुकीच्या भरवशावर सकाळ बघायची. खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच, वेगळं सांगावं लागत नाही. आणि कॅमेरा जवळ ठेवायला सांगा. ९ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पडला तेव्हा जवळून अख्खं शहर लोटल्यासारखं दिसत होतं. लांबून घेतलेल्या चित्रांत चौक बराचसा मोकळा होता, म्हणून ती कमी दाखवायची.

युद्धातला एकच भाग शेअरच्या पद्धतीने, म्हणजे गुपचूप हाताळायचा : शवपेट्या. डेलावेअरमधल्या डोव्हर हवाई तळावर उतरणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रं घ्यायला १९९१ च्या आखाती युद्धापासून बंदी होती. मार्च २००३ मध्ये, स्वारीच्या तोंडावर, ती पुन्हा कडक बजावण्यात आली. उठली २००९ मध्ये. तोटा ताळेबंदात दिसू द्यायचा नाही, ही युक्ती एन्रॉनलाही ठाऊक होती.

इथवर जमलं असेल तर पुढची पायरी. दोन्ही माल एकत्र विकता येतात. डेव्हिड ब्रुक्स यांची डीएचबी इंडस्ट्रीज ही कंपनी सैनिकांसाठी चिलखती जॅकिटं बनवायची. युद्ध सुरू, मागणी भरपूर, भाव वर. २००४ च्या अखेरीस ब्रुक्स यांनी १८ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर विकले. मे २००५ मध्ये मरीन कोअरने या कंपनीची पाच हजारांवर जॅकिटं परत मागवली. जॅकिट गोळी अडवेल की नाही, याची शंका होती. शेअरची विक्री कशानेच अडली नव्हती. त्या नोव्हेंबरात त्यांनी मुलीच्या सोहळ्यावर सुमारे एक कोटी डॉलर उधळले, एरोस्मिथ आणि फिफ्टी सेंट गायला होते. कंपनीच्या पैशांतून केलेल्या खरेदीत रत्नं जडवलेलं, अमेरिकेच्या झेंड्याचं, कमरपट्ट्याचं एक बक्कलही होतं. देशप्रेम पोटाशी धरावं म्हणतात.

इतका खर्च झेपत नसेल तर निवृत्त जनरल व्हा. इराक युद्धाच्या काळात वाहिन्यांवर लष्करी विश्लेषक म्हणून डझनावारी निवृत्त अधिकारी बसत. त्यांच्यासाठी पेंटागॉन खास बैठका घेई, दौरे काढी, आणि आतल्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'संदेशाची ताकद वाढवणारे' असा होई. त्यांतले बरेच जण लष्कराला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, सल्लागार किंवा लॉबिस्ट होते. सगळ्यांच्या मिळून दीडशेहून जास्त कंपन्या भरल्या. हे न्यूयॉर्क टाइम्सने २० एप्रिल २००८ ला छापलं, त्याला पुलित्झर मिळालं, आणि बड्या वाहिन्यांनी त्यावर जवळजवळ तोंड उघडलं नाही. आता हे बघा : २००२ पासून शेअरच्या विश्लेषकाने टीव्हीवर एखादा शेअर चांगला म्हटला, तर 'माझ्याकडे तो आहे' हे सांगावंच लागतं. युद्ध चांगलं म्हणणाऱ्याला असं काही सांगावं लागत नाही. तुम्हीच ठरवा कोणत्या धंद्यात पडायचं.

पकडले गेलात तर? पेपर असाल तर माफी मागा, पण जागा बघून. नळ्यांची बातमी पहिल्या पानावर होती. इराकबाबत आपलं कुठे चुकलं हे सांगणारं टाइम्सच्या संपादकांचं टिपण २६ मे २००४ ला दहाव्या पानावर आलं. सीईओ असाल तर तडजोड करा. मोझिलो यांनी २०१० मध्ये आरोप मान्य न करता ६ कोटी ७५ लाख डॉलरवर प्रकरण मिटवलं आणि त्यातले २ कोटी कंपनीच्या तिजोरीतून गेले. तडजोडही जमली नाही तर एक शेवटचा उपाय आहे, थोडा टोकाचा. ले यांना २००६ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं. शिक्षा सुनावली जाण्याआधी ते वारले आणि निकाल पुसला गेला. ब्रुक्स यांना १७ वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असताना २०१६ मध्ये ते तुरुंगात वारले आणि अपिलात असलेल्या आरोपांपुरती पाटी कोरी झाली. अपील रेंगाळत ठेवण्याचे फायदे वकील सांगतात, त्यातला हा एक.

राहता राहिलं गिऱ्हाईक. ते शोधायला लांब जायला नको. टीव्हीसमोर बसलेलं असतं, म्हातारपणाची पुंजी कंपनीच्या शेअरमध्ये आणि पोरगा फौजेत. एन्रॉनचा भाव कोसळत होता त्याच वेळी, ऑक्टोबर २००१ च्या अखेरीस, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीचा व्यवस्थापक बदलायला काढला होता, म्हणून सुमारे दोन आठवडे त्यांना आपल्या खात्यातले शेअर विकताच येत नव्हते. इराकमध्ये मुदत संपलेल्या सैनिकांनाही घरी जाता येत नव्हतं. करार संपला तरी तुकडी परतेपर्यंत थांबायचं, असा आदेश निघत असे. त्या आदेशाचं नाव स्टॉप-लॉस. ब्रोकरकडे याच नावाची एक सोय असते, भाव ठरावीक पातळीच्या खाली गेला की आपोआप बाहेर काढणारी. गिऱ्हाईक घाबरून 'स्टॉप-लॉस' म्हणालं, तर कोणता म्हणतंय ते आधी नीट विचारून घ्या.