दहा वीसच्या बाई

दवाखान्याच्या काउंटरवर बसून मला एवढं कळलंय, की नंबर लावलेला येत नाही आणि आलेल्याने नंबर लावलेला नसतो.

सकाळी माझी यादी अशी देखणी असते, की फ्रेम करून लावावी. दर दहा मिनिटांना एक नाव. पावणेदहापर्यंत त्यातल्या तिघांनी दांडी मारलेली असते आणि डॉक्टर बाहेर डोकावून विचारतात, "कोणीच नाही?" जणू मीच पेशंट टेबलाखाली लपवलेत. दहा वीसच्या बाईंना फोन लावला, तर म्हणाल्या, "अगं, आता बरं वाटतंय. उगीच कशाला डॉक्टरांना त्रास?" काल याच बाईंनी "कसंही कर, पण उद्याच बसव" म्हणून माझा जीव खाल्ला होता.

डॉक्टरांनी एकदा सांगितलं, १९५२ साली इंग्लंडात बेली आणि वेल्च या दोघांनी यावर तोडगा काढला होता: सुरुवातीला दोन पेशंट एकदम बोलवायचे, पुढे एकेक. कोणी चुकलं तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत. मी अतिशहाणी. सकाळभर प्रत्येक वेळेला दोन-दोन नावं लिहिली. त्या दिवशी झाडून सगळे आले. शिवाय "आलोच आहोत तर हिचंही बीपी बघा" म्हणत सोबत एकेक सासू.

वर बिननंबरवाले.

"मॅडम, इमर्जन्सी आहे!"

"काय होतंय?"

"खोकला. महिना झाला."

"मग आज काय झालं?"

"आज सुट्टी आहे ना."

या गदारोळात कोपऱ्यात एक काका गप्प बसले होते. नंबर नव्हता. "सगळ्यांचं होऊ दे. छातीत जरा जड वाटतंय, ॲसिडिटी असेल," म्हणाले. पंख्याखाली बसूनही शर्ट घामाने चिंब. मी दार न वाजवताच आत धावले. ईसीजी काढला, ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून काका मलाच विचारतायत, "माझ्यामुळे कुणाचा नंबर मागे नाही ना गेला?"

सगळ्यांचाच गेला होता. खोकलेवाले शेजारच्याला म्हणाले, "म्हणजे घाम आला की आधी घेतात तर!" आणि रुमालाने पुसायला घेतलेलं कपाळ त्यांनी तसंच ठेवलं.

एक वाजता मी यादीवर शेवटची फुली मारतेय, तोच दार ढकलून दहा वीसच्या बाई हजर.

"अगं, परत दुखायला लागलं. माझा दहा वीसचाच नंबर आहे ना? म्हणजे आता मीच पहिली!"