प्रेमकथेला पुरस्कार हवाय? आधी नायकाला बुडवा

तुम्ही कादंबरी लिहिली आहे आणि तिच्यात एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांवर प्रेम करतात. एवढंच. बरं, झालं ते झालं. आता निदान वाडीत बोलू नका. एसटीच्या थांब्यावर कुणी विचारलंच, ‘काय लिवतस रे सध्या?’ तर सांगा, ‘कोकणातल्या बदलत्या शेतीवर काहीतरी चाललंय.’ माणूस लगेच विषय बदलतो.

पुरस्कार हवा असेल तर सरकारी यादी नीट वाचा. राज्य वाङ्मय पुरस्कारांत विनोदाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा पुरस्कार आहे, आत्मचरित्राला लक्ष्मीबाई टिळकांच्या नावाचा, शेतीवरच्या पुस्तकाला वसंतराव नाईकांच्या नावाचा. म्हणजे काजूच्या कलमावर लिहिलंत तर तुम्हाला वेगळं पान वाढलेलं आहे. त्या कलमाखाली कोण कुणाला भेटलं यावर लिहिलंत, तर बसा कादंबऱ्यांच्या सामाईक पंगतीत, दुष्काळ आणि फाळणीच्या शेजारी.

तेव्हा सोंग घ्यावं लागेल. आपल्या दशावतारात मिशी काढलेला बाप्या लुगडं नेसून उभा राहतो आणि पहाटेपर्यंत कुणाला काही खटकत नाही. तुमच्या प्रेमकथेला तेच करायचंय.

दाखले घरचेच आहेत. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. त्यांच्या ओळी वहीच्या पानावर उतरवून किती चिठ्ठ्या गेल्या असतील, पोस्टालाही सांगता येणार नाही. साहित्य अकादमीने १९८० साली पुरस्कार दिला तो ‘सलाम’ला. त्यात मान झुकते ती प्रेयसीपुढे नव्हे, दिसेल त्या सत्तेपुढे. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. त्यांच्या ‘गारंबीचा बापू’तल्या बापूने आणि राधेने अख्खी गारंबी अंगावर घेतली, वाचकांनी त्या दोघांना डोक्यावर घेतलं. अकादमीचा पुरस्कार मात्र १९६३ साली ‘रथचक्र’ला, ज्यात नवरा घर टाकून निघून गेलेला आहे. यातून काय घ्यायचं ते घ्या. नायक जितका लांब, पुरस्कार तितका जवळ.

प्रेमिकांना एकत्र ठेवायचा हट्टच असेल तर वि. स. खांडेकरांना स्मरा. १९२० ते १९३८, शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. ‘ययाति’त शृंगार कमी नाही, पण राजा पुराणातला आणि वर म्हातारपणाचा शाप. १९६० साली अकादमी, पुढे ज्ञानपीठ. तुमचा नायक खाडीपलीकडचा बोट दुरुस्त करणारा पोरगा असेल तर त्याला तडक हस्तिनापूरला न्या. इंजिनाचा रथ करा. ग्रीस राहू द्या, सारथ्यालाही लागत असेलच.

ना. सी. फडक्यांचा आधार मात्र घेऊ नका. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते, म्हणजे गुलाबी कादंबरी आपल्याच किनाऱ्यावर चांगली अध्यक्षीय खुर्चीत बसली होती. पण पुढच्याच वर्षी सोलापुरात खांडेकरांना अध्यक्ष करून मराठी माणसाने पित्तावर सोलकढी घेतली.

तुमची कथा परीक्षक खरोखर वाचणार का, ही काळजी सोडा. मराठी प्रेमकथा ओळ न् ओळ वाचणारे परीक्षक एकदा मिळाले होते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६९ साली लेखक निर्दोष सुटला. शाल नाही, श्रीफळ नाही, पण वाचन कसं कसून!

‘अमेरिकेत तर प्रेमकादंबरीला वेगळा पुरस्कार असतो’ असं पुण्याहून आलेला भाचा सांगेल. असायचा. तिथल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने १९८२ पासून तो दिला, १९९० मध्ये पहिल्या अध्यक्षांच्या नावावरून त्याला ‘रीटा’ म्हणू लागले. त्यांच्या व्याख्येत प्रेम मध्यभागी हवं आणि शेवट आशेचा हवा. इतकं गोड. पण २०१९ उजाडेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय लेखिकेला तो मिळाला नव्हता. मग भांडणं, राजीनामे, ‘रीटा’ बंद. नव्या नावाने पुरस्कार सुरू केला, तर २०२१ मध्ये पहिल्याच खेपेला दिलेला एक पुरस्कार मागे घ्यावा लागला. आपल्याकडे पुरस्कार परत करतो तो लेखक, तिकडे संस्थाच परत मागते. २०२४ मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रेमाच्या भाऊबंदकीत आपण उगाच स्वतःला पुढारलेले समजत होतो.

तेव्हा आशेचा शेवट अमेरिकेला ठेवा. तुम्ही नायकाला नारळी पौर्णिमेच्या आधी होडी घेऊन समुद्रात धाडा. फुरसं चावून मेला तरी चालेल, पण पाण्याचा मान वेगळा. नायिकेला पडवीत बसवा, तिच्या हातात सामाईक जमिनीचा सातबारा द्या आणि चाळीस पानं पाऊस पाडा. परीक्षक बहुधा घाटावरचे असतात, त्यांना आपला पाऊस फार खोल वाटतो. आम्हाला तो गळका वाटतो, पण आम्हाला कोण परीक्षक करतंय?

मग फोन येईल. मे महिन्याच्या घामात लोकरी शाल पांघरवतील. परसात तीस माड असलेल्या तुम्हाला एक नारळ देतील, तोही पाणी आटलेला. पाकीट तिथेच उघडू नका, गाडीभाड्याचा हिशेब घरी गेल्यावर करावा.

आणि एक प्रत गावच्या वाचनालयाला भेट द्या. बाई ती काचेच्या कपाटात ठेवतील. वर्षभराने जाऊन पाहा, तारखेच्या कागदावर एकच शिक्का असेल, तुमच्याच चुलत्याचा, तोही कुठल्या जमिनीचा सातबारा छापलाय ते बघायला नेल्याचा. शेजारच्या उघड्या फळीवर खाकी कव्हर घातलेली एक जुनी प्रेमकथा असेल, पाठीला तीनदा खळ लावलेली. ती मागू नका. तिच्यासाठी आधीच चौघींनी नावं लावून ठेवली आहेत, आणि शेवटची आठ पानं कोण फाडून घेऊन गेलं ते बाईंना ठाऊक आहे, पण त्या सांगत नाहीत.