सोळाही बॉल काट्यावर पास, तरी सेट डुप्लिकेट : ‘जुना मार्कर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मार्करसाहेब, नमस्कार.

पूल या टेबलावरच्या खेळातल्या बॉलचा सेट ओरिजिनल की डुप्लिकेट हे कसं ओळखायचं, यावर मी लिहिलं आणि त्याखाली तुम्ही चांगलंच झाडलंत. प्रतिक्रिया रागाची असली तरी निम्मी मुद्द्याची आहे, म्हणून नुसते आभार मानून सुटका करून घेत नाही. बाकीच्या वाचकांसाठी (मार्कर म्हणजे क्लबात टेबलावर गुण मांडणारा) तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी साध्या गोष्टीचा बाऊ केला. बॉल काट्यावर ठेवावा, १७० ग्रॅमच्या आसपास भरला की ओरिजिनल. शंका राहिलीच तर तापलेली सुई टोचावी, नाहीतर मिठाच्या पाण्यात सोडून बघावा. आणि खेळायला बरा असेल तर बॉल कुठला का असेना. मी परदेशी कंपनीची दलाली करतो, हे वर. शेवटी तुमच्या एका पुतण्याने नुकताच घेतलेला सेट परत होत नाही, त्याचंही तुम्ही विचारलंय.

दलालीचं आधी संपवतो. कुणाकडून छदाम घेतलेला नाही. अरामिथ या ब्रँडचं नाव माझ्या लेखात सारखं आलं, कारण बाजारात नक्कल त्याचीच होते. बेल्जियममधल्या कालनेल नावाच्या छोट्या गावात सालुक कंपनी फेनॉलिक रेझिनचे हे बॉल ओतते, आणि क्लबांपासून मोठ्या स्पर्धांपर्यंत तेच दिसतात. ज्या नावाला भाव नाही, त्याचा डुप्लिकेट काढायला कोण बसलंय?

आता वजन. इथे मात्र जरा थांबू, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

जागतिक पूल संघटनेच्या नियमात बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, वरच्या बाजूला ०.१२७ मिलिमीटरची सूट, आणि वजन १५६ ते १७० ग्रॅम असं दिलेलं आहे. म्हणजे १७० हा आकडा ‘आसपास’चा नाही, ती वरची मर्यादा आहे. पण ते सोडा. या व्यासाच्या गोळ्याचं आकारमान साधारण ९७.७ घनसेंटिमीटर भरतं. साधं पॉलिएस्टर रेझिन, ज्याची घनता १.२ च्या घरात असते, ते या साच्यात ओतलं तर बॉल ११७ ग्रॅमच्या आसपासच होईल. हातात घेतल्याबरोबर लहान पोरगंही सांगेल की हा हलका आहे. हे डुप्लिकेट काढणाऱ्याला तुमच्या-माझ्याआधी कळलेलं असतं. म्हणून तो रेझिनमध्ये चुनखडीची किंवा तसल्याच एखाद्या खनिजाची पूड कालवतो आणि वजन हवं तिथे आणून ठेवतो. लोक काट्यावर ठेवणार हे माहीत असलेल्या माणसाने काट्यासाठीच केलेली ही तयारी आहे. ती परीक्षा तो पास होणारच.

फक्त पूड सगळ्या साच्यांत सारखी पडत नाही. एका ओळखीच्या पार्लरमध्ये नवा कोरा सेट आला होता, डब्यावर झकास लोगो. आम्ही सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेऊन बसलो. पट्ट्याचा ९ नंबर १५७ ग्रॅम, काळा ८ नंबर १६१, व्हाइट (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा पांढरा बॉल) १६६, जांभळा ४ नंबर १६८. उरलेले या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी. तुमच्या कसोटीला, आणि नियमपुस्तकाच्याही, सोळाच्या सोळा पास. पण ९ नंबर आणि ४ नंबर यांच्यात ११ ग्रॅमचा फरक! चांगल्या सेटमध्ये हा फरक ग्रॅम-दोन ग्रॅमच्या आत राहतो. त्या सेटचा डबा मला पुन्हा उघडून बघायची गरज वाटली नाही.

तुम्ही स्नूकरच्या टेबलावर आयुष्य काढलंय, म्हणून तिकडचाच दाखला देतो. स्नूकरच्या नियमात बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर दिलाय, सूट ०.०५ ची. आणि वजन? एक बॉल किती ग्रॅमचा हवा ते सांगितलेलंच नाही. एवढंच म्हटलंय की सेटमधल्या सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या बॉलमध्ये ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. नियम करणाऱ्यांनी एकटा बॉल तोलला नाही, सेट तोलला. माझं म्हणणं याहून वेगळं काहीच नाही. एक बॉल हुबेहूब करणं फारसं अवघड नाही. एकमेकांसारखे सोळा करणं अवघड असतं, आणि तिथेच नक्कल उघडी पडते.

फरकाने काय बिघडतं, हे तुम्हाला सांगायला नको, पण नवीन पोरं वाचत असतील. पूर्ण समोरासमोर स्टन (व्हाइट न गडगडता घसरत जाऊन आदळेल असा फटका) मारला की व्हाइट जवळपास जागेवर थांबायला हवा. व्हाइट समोरच्या बॉलपेक्षा जड असेल तर तो मागोमाग पुढे सरकतो, हलका असेल तर किंचित मागे येतो. सगळे बॉल सारखेच जड किंवा सारखेच हलके असले तर खेळाडू दोन दिवसांत जुळवून घेईल. पण ९ नंबरवर व्हाइट एक वागतो आणि ४ नंबरवर दुसरंच, मग बिचारा आपल्या क्यूला आणि मनगटाला दोष देत बसतो.

सुईचं सांगतो. सुई टोचून प्लॅस्टिक वितळतं का बघायचं, ही युक्ती साध्या पॉलिस्टायरीनच्या खेळण्यातल्या बॉलला लागू पडते. फेनॉलिक आणि पॉलिएस्टर ही दोन्ही एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळणारी रेझिनं नाहीत. दोन्ही करपतात. वासात फरक असतो हे खरं : फेनॉलिक करपलं की कार्बोलिक साबणासारखा वास येतो, पॉलिएस्टरचा गोडसर, फायबरग्लासच्या कारखान्याजवळून जाताना येतो तसा. पण हे समजून घेण्यासाठी हजारो रुपयांच्या सेटला भोक पाडायचं? आणि दुकानदार तुम्हाला ते करू देईल?

मिठाचं पाणी ही गोल्फवाल्यांची युक्ती. गोल्फचा बॉल खाऱ्या पाण्यात तरंगतो, मग तो फिरवून त्याची जड बाजू कुठली ते बघतात. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलं तरी पाण्याची घनता १.२ च्या वर जात नाही, आणि नियमात बसणाऱ्या पूल बॉलची घनता १.६ ते १.७४ येते. तो बुडणारच, ओरिजिनल असो की पूड भरलेला. तरंगला तर डुप्लिकेट हे नक्की. बुडाला तर काहीच सिद्ध झालं नाही.

मग करायचं काय? घरी होण्यासारखं एक सांगतो. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर दोन सरळ पट्ट्यांच्या मध्ये तीन बॉल ओळीत एकमेकांना टेकवून ठेवा, आणि वरून स्टीलची फूटपट्टी आडवी टेकवा. मागे मोबाइलचा टॉर्च लावा. मधला बॉल मोठा असेल तर पट्टी त्याच्यावर डुगडुगते. लहान असेल तर त्याच्या डोक्यावर उजेडाची बारीक रेघ दिसते. केसाएवढी फटही डोळ्याला कळते, व्हर्निअरची गरज लागत नाही. एक बॉल कायम ठेवून बाकीचे बदलत जा. मग तोच बॉल जागच्या जागी फिरवून पुन्हा बघा, म्हणजे तो मुळात गोल आहे की नाही तेही कळेल. काचेचा आग्रह एवढ्यासाठी, की टेबलावर रॅक लावून (बॉल त्रिकोणात मांडून) फटी बघितल्या तर दोष बॉलचा की कापडाला पडलेल्या खड्ड्यांचा, ते ठरत नाही.

दुसरं म्हणजे तोल. बॉल अगदी हळू सोडा, शेवटच्या फूटभरात काय करतो ते बघा. दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर टेबलाची लेव्हल गेली आहे, बॉलला बोल लावू नका. पण नंबर डावीकडे ठेवून सोडला की डावीकडे जातो आणि नंबर उजवीकडे ठेवला की उजवीकडे, असं होत असेल तर आत पूड एका अंगाला बसली आहे. खोटा लोगो कितीही सुबक छापला तरी हे लपत नाही.

नंबरांचंही बघावं. चांगल्या बॉलमध्ये पट्टा आणि नंबर वरून छापलेले नसतात, ते आतच ओतलेले असतात, म्हणून नख फिरवलं तर कडा लागत नाही आणि वर्षानुवर्षं खेळून नंबर पुसट होत नाही. मोबाइलचा कॅमेरा पूर्ण झूम करून १२ नंबरचा जांभळा पट्टा बघा. पांढऱ्याला भिडतो तिथे रेघ कापल्यासारखी असायला हवी. जांभळा रंग पांढऱ्यात पसरलेला दिसला की समजून जा. रंगावरून मात्र घाई करू नका. टीव्हीवरच्या स्पर्धांसाठी काढलेल्या सेटमध्ये ४ नंबर गुलाबी आणि ७ नंबर फिकट तपकिरी असतो, व्हाइटवर लाल ठिपके असतात. हे बघून अनेकांनी ओरिजिनल सेट डुप्लिकेट म्हणून परत केलाय.

तसंच पिवळेपणाचं. जुना फेनॉलिक व्हाइट उजेडाने पिवळसर होतो, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. नव्या सेटवर थोड्याच दिवसांत बारीक मळकट डाग उठू लागले, जे पॉलिशनेही जात नाहीत, तर काळजी करा. कापडावर घासताना बॉलच्या टेकणाऱ्या टोकाशी चांगलीच उष्णता तयार होते. फेनॉलिक ती सोसतं, पॉलिएस्टर करपतं.

तुमच्या स्वतःच्या सेटमधला व्हाइट इतरांपेक्षा हलका भरतो, मग तोही डुप्लिकेट का, असं तुम्ही खोचकपणे विचारलंत. नाही हो. प्रत्येक फटका व्हाइटच खातो, म्हणून तोच आधी झिजतो. इतकी वर्षं चाललेल्या सेटचा व्हाइट लहान नसता तर मला संशय आला असता. नवा व्हाइट आणून टाका, सेट अजून बराच चालेल.

‘खेळायला बरा असेल तर काय बिघडलं’ याच्याशी मी अर्धा सहमत आहे. सोसायटीच्या क्लब हाऊसमधल्या टेबलावर पोरं रविवारी धुडगूस घालणार असतील तर साधा पॉलिएस्टरचा सेट घ्यावा, बिनधास्त घ्यावा. स्वस्त असणं हा काही गुन्हा नाही. तसं म्हटलं तर प्लॅस्टिकचा प्रत्येक बॉल हस्तिदंताची नक्कलच आहे. अमेरिकेत हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, त्यापायी जॉन वेस्ली हयात सेल्युलॉइडपर्यंत पोचला, आणि १९०७ मध्ये लिओ बेकलँडने फेनॉलिक रेझिन साधलं. बेकलँड मूळचा बेल्जियममधल्या गेंटचा, हा योगायोग मला आवडतो. पण यातल्या कुणी आपला माल हस्तिदंत म्हणून विकला नाही. पॉलिएस्टरच्या बॉलवर दुसऱ्याचं नाव छापून चौपट पैसे घेणं हा धंदा वेगळा. त्यासाठी ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. दुसरं कलम खास विकणाऱ्यासाठी आहे.

आता पुतण्याचं. डबा फेकू नका. बाहेरून आणलेल्या मालाच्या पॅकवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, एमआरपी आणि महिना-वर्ष असायला हवं, २०११ च्या वजनमाप नियमांत ते स्पष्ट आहे. ‘बेल्जियमचा माल’ म्हणून विकलेल्या डब्यावर आयातदाराचं लेबलच नसेल तर अर्धी तक्रार तिथेच लिहून झाली. लेबलचा, डब्याचा, बिलाचा आणि काट्यावरच्या सोळा बॉलांचा एकेक फोटो काढा, नंबर आणि आकडा दोन्ही दिसतील असा. दुकानदाराला हे लेखी पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्या. फोनवर भांडू नका, त्याचा पुरावा राहत नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बिल नसेल आणि यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटचं ते पान जोडा.