नंदीची झूल

काल रात्री गावाच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'येत्या रविवारी सकाळी ७ वाजता महादेवाच्या मंदिरावर श्रमदान. दगडावरचा बुरा काढणे आहे. घरून तारेचा ब्रश आणावा. अ‍ॅसिडची सोय कमिटीने केली आहे. नंतर चहा-पोहे.' खाली पटापट अंगठे. मी लिहिलं, 'ब्रश आणि अ‍ॅसिड वापरू नका, दगड खराब होतो.' अर्ध्या तासानं एका पोट्ट्याचं उत्तर आलं, 'काका, तुम्ही काय बुऱ्याची शेती करून राह्यले का?' त्यावर हसणारे चेहरे २८. ग्रुपवर लांब लिहिलं की कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

आधी एक गोष्ट. गाडगेबाबांच्या मुलखातला माणूस आहे मी, स्वच्छतेच्या विरोधात बोलायची माझी हिंमत नाही. पण खराटा वेगळा आणि तारेचा ब्रश वेगळा.

आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही. हे पाप माझ्याच हातचं आहे. १९९७ साली मी बीएस्सीला होतो, सुट्टीत गावाला आलो की अंगात समाजसेवा संचारायची. मंदिर घासायचं म्हणून आम्ही दहा-बारा जण निघालो. बाहेरच्या नंदीच्या पाठीवर तेव्हा गोल गोल चट्टे होते, मधे पांढुरके, कडेनं हिरवट, काही ठिकाणी हळदीसारखे पिवळे. माझी आजी त्याला 'नंदीची झूल' म्हणायची. पोळ्याला बैलावर घालतो ती झूल. आम्हाला ती घाण वाटली. संडास धुवायचं अ‍ॅसिड आणलं आणि ओतलं. दगडात जिथे जिथे पांढऱ्या गारा होत्या तिथे फेस आला, सांध्यातला जुना चुना फसफसून वाहून गेला. आम्हाला वाटलं, वा, मळ निघून राह्यला! संध्याकाळी नंदी काळाकुळकुळीत झाला, कमिटीनं नारळ फोडलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्या पोटाखाली गंजासारखे तांबूस ओघळ दिसायला लागले. अ‍ॅसिडनं दगडातलं लोह मोकळं केलं होतं. आणखी दोन-तीन वर्षांनी डाव्या कानाच्या टोकाची पापडी सुटली, भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी. तो कान आजही तसाच आहे, रविवारी याल तेव्हा पाहून घ्या. आजी तेव्हा होती. ती काही बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

आता हा 'बुरा' म्हणजे काय? शेवाळ नव्हे. शेवाळ ओलं, हिरवं, घसरडं असतं. ते न्हाणीजवळ येतं. हे कोरडं, दगडाला घट्ट चिकटलेलं. नाव दगडफूल, शाळेच्या भाषेत शैवाक. मसाल्यातलं दगडफूल याच भावकीतलं, फक्त ते पानासारखं सुटं वाढणारं आणि गंमत म्हणजे बहुतेक झाडांच्या सालींवरून काढलेलं. हिमालयातून, सह्याद्रीतून येतं. आपल्या नंदीवरचं खरवडून काळ्या मसाल्यात टाकायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तोही सोडा.

१८६०च्या दशकात सायमन श्वेन्डेनर नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं सांगितलं की हा एक जीव नाहीच, बुरशी आणि शैवाल (म्हणजे उन्हातून अन्न करणारे बारीक हिरवे जीव) यांचा जोडसंसार आहे. तेव्हाच्या जाणत्या मंडळींनी त्याची टर उडवली. त्यानं उपमाही जहाल दिली होती, बुरशी मालक आणि शैवाल तिचे गुलाम. आपल्याकडच्या भाषेत, बुरशी मालगुजार आणि शैवाल सालदार. पुढे १८७९ मध्ये जर्मनीच्या आंतोन द बारीनं 'सहजीवन' ही कल्पना मांडली, तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत दोघं सुखानं नांदतात. मला दोन्ही पटत नाही. मला ती बटई वाटते. बुरशी घर देते, ओल धरून ठेवते, उन्हाचा तडाखा अंगावर घेते. शैवाल उन्हातून साखर तयार करतं आणि त्यातला वाटा बुरशीला जातो. बटईत कोण कोणाला लुटतं, हे ज्यानं वावर बटईनं दिलं किंवा केलं त्याला विचारा. दर साली उत्तर वेगळं येतं. त्यातही २०१६ मध्ये अशी भर पडली की अनेक दगडफुलांच्या वरच्या सालीत आणखी एक यीस्ट राहतं. म्हणजे बटईत तिसरा भागीदार निघाला, आणि दीडशे वर्षं कोणाला पत्ता नाही.

या सगळ्या हिशेबात दगडाचं नाव मात्र सातबाऱ्यावर कोणीच लावत नाही. जागा त्याची.

कमिटीचं म्हणणं आहे की हा बुरा दगड खातो. मी खोटं बोलणार नाही, त्यात तथ्य आहे. बुरशीचे धागे दगडाच्या कणाकणांच्या फटीत शिरतात, काही ठिकाणी काही मिलिमीटर खोल. ओलं झालं की फुगतात, वाळलं की आखडतात, आणि कण सैल होतो. वरून ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, आंबट चुक्याच्या भाजीत असतं तेच. ते दगडातल्या कॅल्शियमशी जुळलं की कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्ध्या गावाला मुतखड्याचा त्रास असतो, त्यातले बहुतेक खडे याच पदार्थाचे. म्हणजे दगडालाच मुतखडा होतो म्हणा ना.

पण हे किती वेगानं? दगडावर बसलेल्या पापुद्र्यासारख्या जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, कित्येक त्याहून कमी वाढतात. आम्ही १९९७ ला नंदी 'स्वच्छ' केला, त्यानंतर त्याच्या डाव्या कुशीवर एक ठिपका आला. मागच्या दिवाळीत पट्टी लावून मोजला. २२ मिलिमीटर. एवढ्या वर्षांत रुपयाच्या नाण्याएवढं. आमचं अ‍ॅसिड एका दुपारी जेवढं खाऊन गेलं, तेवढं खायला याला किती पिढ्या लागतील, तुम्हीच हिशेब करा.

दुसरी बाजूही आहे. तोच पापुद्रा दगडावर पांघरूण घालतो, पावसाचा मार थेट बसू देत नाही, ऊन-सावलीचा झटका कमी करतो. दगडफूल जुन्या दगडाला तारक की मारक, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि उत्तर दगडागणिक, जातीगणिक बदलतं. एक गोष्ट मात्र मी माझ्या हातानं पाहिली आहे. ते ओरबाडून काढलं की त्यानं धरून ठेवलेले कणही सोबत निघतात. खाली जो दगड उघडा पडतो तो खडबडीत, पाणी पिणारा. काही सवाष्णींनी मंगळसूत्र काढून ठेवलं की गळा कसा दिसतो, तसा आमचा नंदी त्या वर्षी दिसत होता. ही उपमा बायकोला आवडली नाही, पण राहू द्या.

मे महिन्यात कधी भर दुपारी मंदिरावर जाऊन पहा. दगडाला हात लावता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारचा चौथीतला पोरगा माझ्यामागं आला. 'आबा, हे तं मेलं, पहा कसं वायलं.' मी बाटलीतलं थोडं पाणी त्या ठिपक्यावर टाकलं आणि त्याच्या हाती भिंग दिलं. करडा रंग बघता बघता हिरवट झाला, कडेच्या बारीक भेगा मिटल्या. पोरगं ओरडलं, 'आबा, हे तं जित्तं हाय!' पाणी नसलं की हे सगळं कामकाज बंद करून पडून राहतं आणि पाणी आलं की काही मिनिटांत हिशेब पुन्हा सुरू. २००५ साली युरोपच्या अंतराळ संस्थेनं दगडफुलं वर नेऊन साधारण पंधरा दिवस उघड्या अवकाशात ठेवली होती. परत आणल्यावर ती जिवंत निघाली. अवकाशातून वाचली, आपल्या कमिटीतून वाचतील याची खात्री नाही.

धुऱ्याचा एक किस्सा राहिला. आमच्या वडिलांचा आणि शेजाऱ्याचा हद्दीचा वाद होता. शेजारी म्हणे, हा गोटा इथेच होता, आजोबाच्या वेळेपासून. वडिलांनी सब्बलीनं तो गोटा उलटा केला. खालची बाजू, जी मातीत होती, तिच्यावर ताटलीएवढं दगडफूल, मातीनं माखलेलं, मरू लागलेलं. वरची बाजू कोरी. दगडफुलाला ऊन लागतं, मातीत तोंड खुपसून ते वाढत नाही. म्हणजे गोटा नुकताच कोणीतरी उचलून उलटा ठेवला होता. वडील सातवी शिकलेले. ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेलनं १९५० मध्ये दगडफुलाच्या आकारावरून खडक किती वर्षांपासून उघडा पडलाय ते काढायची रीत मांडली, हे त्यांना कुठून माहीत असणार? पण त्यांनी अंदाज बरोबर बांधला. मोजणीला आलेल्या साहेबांनी ते मानलं नाही, तो भाग वेगळा. आता तर जेसीबीनं धुरेच सपाट होऊन राह्यले, उलटा-सुलटा करायला गोटाच उरला नाही.

आणि ज्या काळ्या मातीवर आपण कपाशी-सोयाबीन काढतो, ती याच काळ्या दगडाची. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, त्याचा हा खडक. ऊन, पाऊस, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वनस्पतींची मुळं यांनी तो कुजवला. सगळं श्रेय दगडफुलाला देणारे उत्साही लोकही असतात, त्यांचंही ऐकू नका. पण उघड्या खडकावर पहिल्यांदा येऊन बसणाऱ्यांत ते असतं. वावरात मुरूम लागला की आपण कपाळाला हात लावतो; दगडफुलाला मुरूमही चालतो, त्याच्या खालचा खडकही चालतो.

तर रविवारचं. खरं नुकसान करणारा आपल्या मंदिरावर दुसराच आहे. शिखराच्या सांध्यात पिंपळाची सहा-सात रोपं आलीत, त्यातल्या दोहोंची खोडं मनगटाएवढी झालीत. पिंपळाला हात लावायचा म्हणजे पाप, म्हणून कोणी बोलत नाही. लहान रोपं हातानं उपटता येतील. मोठी ओढू नका, दगडच खाली येतील, बुंध्याशी कापावी लागतील. पाप लागत असेल तर माझ्या नावावर टाका, माझं आधीचं खातं आहेच. गाभाऱ्यामागची पाण्याची नाली तुंबली आहे, ती मोकळी करू. दाराच्या चौकटीवर कोणीतरी ऑइलपेंट मारला आहे, त्याचं काय करायचं ते जाणकाराला विचारू. आवारातला कचरा आहे, गुटख्याच्या पुड्या आहेत. दोन ट्रॉल्या भरतील एवढं काम आहे.

मी सात वाजता येतो. खराटा, विळा आणि फावडं आणतो. कमिटीनं आणलेलं अ‍ॅसिड दुकानदार परत घेत असेल तर पहा, नाहीतर शाळेच्या संडासाला होईल.