अडीचचा स्क्रू

"मुलगा कितवीत आहे?"

परवा पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एका काउंटरवर मला हे विचारलं गेलं. माझ्या हातात रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरची हिरवी पाटी होती, पर्समधून सात इंची स्क्रीन डोकावत होती, आणि मी मागितले होते फक्त चार स्क्रू. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

पूर्वपीठिका थोडक्यात. मी घरी टॅबलेट बनवतेय. स्वस्त, खुला (म्हणजे आतलं काय ते कोणालाही बघता, बदलता येईल असा) आणि एकच काम करणारा : वेबसाइट उघडायची, वाचायची. आमचा विकतचा टॅबलेट बॅटरी फुगून गेला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं तो हातातसुद्धा न घेता सांगितलं, "याला पार्ट येत नाही, मॅडम. नवीन घ्या." तो उघडणार तरी कसा म्हणा, सगळा गोंदानं चिकटवलेला. तेव्हाच ठरवलं, की यापुढची वस्तू स्क्रूंवर उभी असेल. आत लिनक्स ही खुली, फुकट प्रणाली, बॅटरी सुटी, जे बिघडेल तेवढंच बदलायचं. (पायचं सगळंच काही खुलं नसतं, हे मला ठाऊक आहे. जाणकारांनी लगेच बाह्या सरसावू नयेत.)

तर स्क्रू. पायच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांना एम अडीचचा, म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीचा स्क्रू लागतो. स्क्रीनच्या खोक्यातून आलेले चारही आमच्या बोक्यानं फ्रिजखाली पोचवले आणि पुढे ते कुठे गेले हे त्यालाच माहीत. तापकीर गल्लीत लग्नाच्या मांडवाच्या माळांपासून लिफ्टच्या बटणापर्यंत सगळं मिळतं, पण स्क्रूच्या बाबतीत एम तीनच्या खाली उतरायला कोणी तयार नाही.

"एमथ्री देतो ना," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.

"नाही बसणार."

"थोडा दाबून पिळा. बसतो."

"अरे, बोर्ड तडकेल."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि 'मॅडम'वरून 'काकू'वर आला. "काकू, सरांना फोन लावा. मी बोलतो त्यांच्याशी."

आता हे सर म्हणजे कोण, हे मी विचारणारच होते, तेवढ्यात शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळले. सत्तरीच्या आसपास, काखेत हेल्मेट, हातात सेट टॉप बॉक्सचा रिमोट. मी आले तेव्हापासून ते त्या रिमोटचे सेल दुकानात घालून बघू द्यावेत की नाही यावर वाद घालत होते. तो वाद त्यांनी आहे तिथेच ठेवला आणि विचारलं, "मुलगा कितवीत आहे?"

"मुलगा नाही मला. मुलगी आहे, ती सीए करतेय."

"असं. सीएला प्रोजेक्ट असतं का हल्ली?"

"प्रोजेक्ट नाहीये हे."

"मग मिस्टरांचं."

"मिस्टर संस्कृत शिकवतात."

यावर काका थोडे अडले. संस्कृत आणि रिबन केबल यांचा मेळ घालायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, हे मला त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. "मग हे कोणाचं?"

"माझं."

"तुमचं, ते झालंच. पण कोणासाठी?"

मी बाहेरच्या टेम्पोकडे बघत राहिले. ऐन गर्दीत त्या गल्लीत टेम्पो का घालतात, हा एक वेगळाच लेख होईल. शेवटी म्हटलं, "काका, मी स्वतःसाठी टॅबलेट बनवतेय. इंटरनेट वाचायला."

"फोन लागतो यावरून?"

"नाही."

"फोटो?"

"कॅमेरा नाही लावलेला."

"व्हॉट्सॲप?"

"मला नकोच आहे ते."

"म्हणजे फोन नाही, फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही," काकांनी पोराकडे बघत बेरीज केली. "आणि खर्च किती आला?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण समोरच्यानं सरळ विचारलं की माझ्या तोंडून खरी रक्कम निघते. "बारा हजारांच्या वर गेला."

"अहो, आठ हजारांत तयार मिळतो की!" हे वाक्य मागच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिथून एक जण मान काढून बघायला आला. "कॅमेऱ्यासकट!"

मी चिडून स्क्रीन बाहेर काढली, पाटी जोडली आणि दुकानातल्याच मोबाइल चार्जरवर लावून दाखवली. चालू झाली, पण वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली. ही त्या पायची तक्रार करायची पद्धत : विजेचा दाब (व्होल्टेज) कमी पडतोय. तिला पाच व्होल्टला तीन अँपिअर लागतात आणि दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ती ही खूण दाखवते. मोबाइलचे साधे चार्जर तिथे दम टाकतात. एवढंच सांगायला मी तोंड उघडलं.

"ताई," काकांनी हात वर केला, "मी वीज मंडळात तेहतीस केव्हीच्या सबस्टेशनवर नोकरी केली. तुम्ही मला पाच व्होल्ट शिकवू नका."

त्यानंतर त्यांनी मला पाच व्होल्ट शिकवले. मग अर्थिंग शिकवलं. मग १९९० च्या आधी वायरी कशा असायच्या आणि आता कशा असतात. पाटी हातात घेऊन उलटीसुलटी केली, सोल्डरवर अंगठा फिरवला, वास घेतला. तेहतीस हजार व्होल्टवाल्या माणसानं वास का घ्यावा, हे मला कळलं नाही. मग निकाल दिला, "स्क्रूच्या नादी कशाला लागता? चार कोपऱ्यांना एमसील लावा. हलायचं नाव घेणार नाही."

हलायलाच हवंय हो काका! काढता यायला हवंय, यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप! विकतचा टॅबलेट गोंदानं चिकटवलेला होता म्हणून मी इथे आले आणि तुम्ही मला एमसील सांगता. हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "बघते."

"आणि ते आकाश झालं होतं ना?" काका आता रंगात आले होते. "सरकारचा स्वस्त टॅबलेट. त्याचं काय झालं?"

त्यांनी हे अशा सुरात विचारलं, की जणू ती फाइल माझ्या टेबलावर अडली होती. आता आकाशचं काय झालं ते मला माहीत आहे, हेच माझं दुर्दैव. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत कपिल सिब्बल यांनी त्याचं उद्घाटन केलं. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, आणि पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे बोट नुसतं टेकवून भागत नाही, दाबावं लागतं. मग कारभार पवईच्या आयआयटीकडे आला, आकाश दोन सुधारला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये थेट न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत बान की-मून यांच्या उपस्थितीत झळकला. इतक्या मोठ्या माणसांनी हातात धरलेलं यंत्र आज तुमच्या ओळखीत कोणाकडे आहे का, बघा विचारून.

त्याआधी बंगळुरूचा सिम्प्युटर. हातात मावणारा, लिनक्सवाला, आराखडासुद्धा खुला ठेवलेला. नऊ हजारांच्या आसपास देऊ म्हणाले होते. खेड्याखेड्यांत पोचायचा होता. मग गरीब देशांतल्या शाळकरी मुलांसाठीचा शंभर डॉलरचा लॅपटॉप, ज्याचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत झाला. त्याची किंमत शंभर डॉलर कधी झालीच नाही, दुपटीच्या घरात राहिली. आणि श्रीमंत अमेरिकेतही तेच. २००८ मध्ये मायकेल अरिंग्टन नावाच्या पत्रकारानं जाहीर केलं, की आपण दोनशे डॉलरचा, नुसती वेब बघायचा, खुल्या सॉफ्टवेअरचा टॅबलेट बनवू या. पुढच्या वर्षी भागीदारांत फाटलं, भागीदारानं तोच टॅबलेट 'जूजू' नावानं ४९९ डॉलरला काढला, आणि जानेवारी २०१० मध्ये ॲपलनं त्याच किमतीला आयपॅड दाखवला. जूजूचं पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा स्वस्त टॅबलेटच्या नादात सरकार, शास्त्रज्ञ आणि कॅलिफोर्निया असे सगळे आपटलेले असताना, बारा हजारांवरून माझीच जाहीर शोभा का? पण हे काकांना कोण सांगणार. ते तोवर सेलच्या वादाकडे परतले होते.

मला खरं टोचलं ते बारा हजार नव्हेत. बायका चार हजारांची पैठणीची पर्स घेतात तेव्हा "कोणासाठी?" असं कोणी विचारत नाही. पुरुष पन्नास हजारांची सायकल घेऊन ती गॅलरीत टांगतात, त्यांना "मुलगा कितवीत?" विचारत नाहीत. हातात सोल्डर केलेली पाटी असलेली बाई दिसली की मात्र ती कुणाची तरी निरोप्या असलीच पाहिजे. दुकानातून निघताना पोरानं एमथ्रीचीच पुडी पुढे केली आणि म्हणाला, "असू द्या, काकू. सरांना दाखवा तरी."

मी ती घेतली नाही. अडीचचे स्क्रू शेवटी ऑनलाइन मागवले. शंभर नगांच्या खाली पाकीटच नव्हतं. लागणार चार. हे स्वस्ताच्या हिशोबात कुठे धरायचं, ते मुलीला विचारलं, ती सीए करतेय म्हणून. ती म्हणाली, "आई, राइट ऑफ कर."

टॅबलेट आता चालतो. पाठीला सनमायकाचा तुकडा, कडेला दोन गोल सेल, जाडी पोळपाटाएवढी. पिवळी वीज येत नाही. काल संध्याकाळी चहा घेऊन बसले आणि एका मराठी वर्तमानपत्राची साइट उघडली. आठशे बाय चारशे ऐंशीचा पडदा. वर त्यांचं नाव, त्याखाली सोन्याची जाहिरात, खाली कुकीजची पट्टी, उजवीकडे आपोआप बोलायला लागलेला व्हिडिओ. यांच्या मधल्या फटीत बातमीच्या दोन ओळी, आणि त्या वाचायला जावं तर त्यांच्यावर एक चौकट येऊन बसली : उत्तम अनुभवासाठी आमचं ॲप डाउनलोड करा.

माझ्या यंत्रात ॲपचं दुकानच नाही. नकोच होतं म्हणून ठेवलेलं नाही. चौकटीत बटणं दोन होती, 'आत्ता' आणि 'नंतर'. 'नाही' कुठेच नव्हतं. मी 'नंतर' दाबलं. दोन ओळी वाचून होतात न होतात तोच ती परत आली, या वेळी घंटेचं चित्र घेऊन.