निपाणीच्या काकांना उत्तर: नकाशावरचा दोरा आणि विमानाची वाट

नमस्कार काका,

बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर सुमारे 14,000 किलोमीटर आणि विमान ध्रुवावरून जातं, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दोरा लावून मोजलं तर 18,000 भरतं, आणि विमान उत्तर ध्रुवावरून कशाला जाईल? लेकीकडे पहिल्यांदाच निघालाय, त्यामुळे विचारताय ते रास्तच आहे.

तुमचा दोरा बरोबर आहे, फसवतोय तो नकाशा. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर 111 किलोमीटरचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अक्षांशावर तोच 88 होतो आणि 71 अंश उत्तरेला जेमतेम 36. भिंतीवरचा नकाशा मात्र हे सगळे अंश एकाच रुंदीचे काढतो. म्हणजे उत्तरेकडची जमीन ओढून ताणून रुंद केलेली असते.

घरात खानापूरचा माठ असेलच की. तो पालथा घाला. बूड म्हणजे उत्तर ध्रुव समजा. पोटाच्या फुगीर भागाजवळ एका अंगाला बेंगळूरची खडूची खूण करा. सॅन फ्रान्सिस्कोची खूण जवळजवळ विरुद्ध अंगाला, थोडी बुडाच्या बाजूला. दोन्ही गावांच्या रेखांशात 160 अंशांचं अंतर आहे. आता दोरा ताणून धरा. तो पोटावरून आडवा राहणार नाही, आपोआप बुडाकडे चढेल. तीच सगळ्यात जवळची वाट: नेपाळ, तिबेट, मंगोलिया, सैबेरियाचा उत्तर किनारा, अलास्का, आणि मग खाली पॅसिफिकवरून. 6 जून 2023 ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे उतरवावं लागलं, तेही रशियातल्या मगदानला, म्हणजे याच बाजूला.

पण दोन ठिकाणी तुमचं बरोबर आहे, आणि ते मला मान्य करायला हवं. एक, ही वाट ध्रुवावरून जात नाही. ती साधारण 71 अंशांपर्यंत चढते आणि वळते. जानेवारी 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरला आलेल्या एअर इंडियाच्या विमानाने ध्रुवाकडची वाट धरली होती, सगळ्या महिला वैमानिक होत्या. ती बातमी डोक्यात ठेवून मी सरसकट 'ध्रुवावरून' लिहून टाकलं. दुसरं, विमान प्रत्यक्षात 14,000 किलोमीटरपेक्षा जास्तच अंतर उडतं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटचं पठारच सरासरी 14,000 फुटांच्या वर आहे. म्हणून वैमानिक शक्यतो ते टाळून वळसा घेतात. 14,000 किलोमीटर हे त्या दोन विमानतळांमधलं जवळात जवळचं अंतर. वळसे, वारा, विमानांना बंद असलेली आकाशं त्यात धरलेली नाहीत. हे मी लेखातच सांगायला हवं होतं.

येताना तास-दीड तास जास्त लागतो, त्याने घाबरू नका. उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून येतो. अंतर तेच.

लेखातलं 'ध्रुवावरून' आज दुरुस्त केलंय. जाताना खिडकीची जागा मिळाली तर अलास्काचा बर्फ बघा, आणि परत आल्यावर इथेच लिहा.