तिरप्या खोलीत लॅमिनेट: तो मेसेज वाचून फळ्या कापू नका

शनिवारी रात्री ताईचा फोन आला. तिच्या ठाण्याच्या फ्लॅटमधल्या तिरप्या, म्हणजे समोरासमोरच्या भिंती समांतर नसलेल्या खोलीत सोमवारी लॅमिनेटच्या फळ्यांची फरशी टाकायचं ठरलंय आणि मिस्त्रीला तिने सगळं 'त्या मेसेजप्रमाणे' करायला सांगितलंय. वाकड्या खोल्यांसाठी युक्त्या सांगणारा हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तीनदा आला, तीनदा सोडून दिला. आता माझ्याच बहिणीचे पैसे पाण्यात जायची वेळ आली.

सगळ्यात घातक वाक्य हे: 'भिंत तिरपी असेल तर फळी भिंतीला घट्ट भिडवा, फट ठेवली की फरशी सरकते.' साफ चूक. लॅमिनेटच्या फळीचा गाभा म्हणजे दाबून घट्ट केलेले लाकडाचे तंतू. पावसाळी हवेतला ओलावा ते पितात आणि फुगतात. फळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात, पण खाली कशालाच चिकटवलेल्या नसतात. अख्खी फरशी खाली अंथरलेल्या फोमच्या पातळ थरावर नुसती टेकलेली असते. फुगायला भिंतीपाशी जागा नसेल तर ती वर उचलली जाणार. बॉक्समध्ये जो कागद येतो ना, जो कुणी उघडत नाही, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं: चारही बाजूंनी साधारण 8 ते 10 मिलिमीटर मोकळं सोडा. पाइपभोवती आणि दाराच्या चौकटीपाशीसुद्धा. ती फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावतात त्या पट्टीखाली झाकली जाते, दिसत नाही. माझ्याकडे कॉन्ट्रॅक्टरने अशाच फळ्या भिडवल्या होत्या. जुलैत खोलीच्या मधोमध फरशी तंबूसारखी उठली, पाय ठेवला की कर्रकन वाजायची. स्कर्टिंग काढून कडेच्या फळ्या कापल्यावर ती खाली बसली, पण दोन सांध्यांच्या कडा कायमच्या उचललेल्या राहिल्या.

दुसरा दावा: 'पहिली आणि शेवटची ओळ नेहमी अर्धी-अर्धी करा.' चौकोनी खोलीत हे बरोबर आहे, मान्य करतो. पण मेसेज तिरप्या खोलीबद्दल आहे! ताईला फोनवरच माप घ्यायला लावलं. खोलीची रुंदी एका टोकाला 2980 मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला 3070. दोन्ही कडांच्या 10-10च्या फटी वजा केल्या की 2960 आणि 3050. फळी 195ची. पूर्ण फळीने सुरुवात केली तर 15 ओळींनंतर अरुंद टोकाला 35 मिलिमीटरची चिंधी उरते. एवढी बारीक पट्टी धड बसत नाही, निदान 50 तरी हवी. मेसेजप्रमाणे ही 35ची चिंधी आणि एक पूर्ण फळी मिळून अर्धं-अर्धं केलं तर दोन्हीकडे 115. अरुंद टोकाला छान, पण रुंद टोकाला शेवटच्या ओळीला 205 लागतात आणि फळी तर 195चीच. म्हणजे तिथे 10 मिलिमीटरची पाचर ठोकायची! त्यापेक्षा पहिली ओळ 150ची कापा, मग 14 पूर्ण ओळी. शेवटची ओळ 80पासून 170पर्यंत रुंदावत जाते आणि एका फळीतच मावते. यासाठी कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटं पुरतात, पण दोन्ही टोकं मोजावी लागतात.

बाकीचं पटकन. फळ्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने टाकाव्यात, हे ठीक. सांधे कमी डोळ्यांत येतात. फक्त सरळ समजून जिच्यापासून सुरुवात करणार ती भिंत खरंच सरळ आहे का, ते आधी दोरी ताणून बघा. 'क्षेत्रफळाएवढेच बॉक्स घ्या, जास्तीचे दुकानदार खपवतो' हे मात्र धरू नका. तिरप्या कापात बरेच तुकडे वाया जातात, 10 ते 15 टक्के जास्त माल हवाच. 'आडवे सांधे एका रेषेत आले तरी चालतं' हेही चूक, लगतच्या ओळींत फळ्यांच्या टोकांच्या सांध्यांमध्ये निदान 30 सेंटिमीटरचं अंतर ठेवा. आणि चौकटीच्या आकाराची फळी कोरत बसू नका. चौकट लाकडी असेल तर फळीचा तुकडा टेकवून तेवढ्या उंचीवर चौकटच खालून कापा आणि फळी आत सरकवा.

शेवटी विचारलं, बॉक्स कुठे आहेत? म्हणाली, खाली पार्किंगमध्ये. रात्रीच वर आणून त्याच खोलीत आडवे ठेवायला लावले. त्या खोलीच्या हवेत 48 तास मुरायला हवेत, म्हणून मिस्त्रीला आता मंगळवारी बोलावलंय.